पैसापाणी : मोडीचा भाव आधी विचारा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की या सदराकडे पत्रांचा ओघ वाढतो. सोनं घेऊन झालेलं असतं, थोडे पैसे उरलेले असतात आणि डोक्यात किडा वळवळत असतो. यंदा क्रिप्टोची, म्हणजे बिटकॉइनसारख्या संगणकावरच्या आभासी नाण्यांची, पत्रं इतकी आली की हा अंक त्यांनाच देऊन टाकला. ठेवी, पेन्शन आणि वारसनोंदवाल्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न : ताई, माझी चार एकर केळी आहे, जोडीला ठिबकच्या सामानाचं लहान दुकान. कांदेबागाची कटाई झाली, भाव बरा मिळाला. साडूचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणतो, काका, बँकेत काय ठेवता, बिटकॉइन घ्या. पन्नास हजार टाकायचा विचार आहे. हे कायदेशीर आहे का? सुरुवात कुठून करायची? आणि घरी बायकोला सांगू की नको?
– एक शेतकरी, सावदा

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. सांगा, आणि पैसे टाकायच्या आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं, म्हणून हक्काने बोलते आहे.

२०२१ ची दिवाळी. मला बँकेतून निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. भाऊबीजेला धाकट्या भावाने ओवाळणीत पाच हजार घातले, त्यात माझे पाच घातले आणि दहा हजारांचा बिटकॉइन घेतला. म्हणजे बिटकॉइनचा तुकडा. अख्ख्या बिटकॉइनचा भाव तेव्हा ४८ लाखांच्या आसपास होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात एफटीएक्स नावाचं परदेशी एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टो घेण्या-विकण्याचा ऑनलाइन बाजार, दिवाळखोरीत गेलं, आणि माझे दहा हजार मोबाइलवर २,८०० दिसायला लागले. मी रोज रात्री स्वयंपाकघराचा दिवा घालवला की बघायची. आमच्या ह्यांना वाटायचं, नातीचे फोटो बघते. रक्कम दहा हजारच होती, घर काही बुडणार नव्हतं, पण त्या लपवण्याचा ताप पैशापेक्षा जास्त झाला. पन्नास हजारांचा किती होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

आता कायद्याचं. ही गोष्ट मी काउंटरच्या आतून पाहिलेली आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं की क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्यांना बँकांनी सेवा देऊ नये. मी तेव्हा भुसावळच्या शाखेत. रेल्वेतले एक गृहस्थ पासबुक घेऊन आले, एक्स्चेंजला पैसे जात नाहीत म्हणून. मी परिपत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, मॅडम, खातं माझं, पैसे माझे, मग हे कोण? मला उत्तर सुचलं नाही. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. म्हणजे घेणं-विकणं गुन्हा नाही. पण ते चलनही नाही. सावद्याच्या बाजारात बिटकॉइन घेऊन कोणी किलोभर वांगी देणार नाही, आणि दिली नाहीत तर तुमची तक्रारही चालणार नाही. बँकेत ठेव असली की पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. इथे ते नाही. बँकेविरुद्ध लोकपालाकडे जाता येतं, शेअर दलालाविरुद्ध सेबीकडे. इथे तसं दार नाही. सरकारने दोनच गोष्टी नीट बसवल्या आहेत : कर, आणि मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याचा लगाम. त्या लगामामुळे एक्स्चेंजला केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये या युनिटने नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. तेव्हा अॅप चकचकीत आहे की नाही ते राहू द्या, ही नोंदणी आहे का ते आधी बघा. कोणत्या कंपनीचं अॅप घ्यायचं हे मी छापणार नाही. माझ्यावर विसंबून कोणी घेतलं आणि उद्या तिथेच काही झालं तर मला बाजारात भाजी घ्यायला जाता येणार नाही.

खातं उघडायला पॅन, आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि मोबाइलसमोर धरलेला चेहरा एवढं लागतं. सोपं वाटतं. माझं दोनदा परत आलं. पॅनवर माझं नाव वडिलांच्या नावासकट होतं, आधारवर ह्यांच्या नावासकट, आणि बँकेत नुसतं आडनाव. तीस वर्षं लोकांना नावं जुळवून आणा म्हणून परत पाठवलं, ते सगळे त्या आठवड्यात हसले असतील. तुम्ही पुरुष आहात, तुमचं नाव लग्नात बदललं नाही, पण दुकानाच्या चालू खात्यातून पैसे पाठवायला जाऊ नका. तुमच्या स्वतःच्या बचत खात्यातूनच पाठवा. ‘काका, माझ्या खात्यावर टाका, मी घेऊन देतो’ असं साडूचा मुलगा म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. त्याच्या नावावर घेतलेलं ते त्याचंच, कर त्याच्या पॅनवर, आणि भांडण दोन्ही घरांत.

खरेदीत एक मेख आहे. जळगावच्या सराफ बाजारात आपण काय विचारतो? आजचा भाव, घडणावळ, आणि मोडीला काय धराल. अॅपवर तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. ‘झटपट खरेदी’चं मोठं बटण असतं, त्यावर भाव थोडा चढा असतो. त्याच मिनिटाला तेच विकायला गेलं तर भाव उतरलेला दिसतो. हा मधला फरक म्हणजे त्यांची घडणावळ. शिवाय फी, आणि फीवर १८ टक्के जीएसटी. बहुतेक अॅपमध्ये आत कुठेतरी ऑर्डर लावायची जागा असते. तिथे आपण आपला भाव टाकून थांबू शकतो. ती शोधा. अर्धा तास जाईल, पण केळीच्या व्यापाऱ्याशी क्विंटलमागे दहा रुपयांसाठी तासभर घालता, तेवढंच.

करात मात्र तुमच्यासारखे भले भले फसतात. केळीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे घरात आयकराची सवयच नाही. क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि त्या करावर ४ टक्के उपकर. बाकीचं उत्पन्न करमर्यादेच्या खाली असलं तरी हा चुकत नाही. विकताना रकमेतून एक टक्का आगाऊ कर (टीडीएस) कापतात. तो मात्र विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्याहून कडू गोळी तोट्याची आहे. समजा एका कॉइनमध्ये दहा हजार कमावले आणि दुसऱ्यात दहा हजार घालवले. हातात शून्य. तरी कमावलेल्या दहा हजारांवर तीन हजार कर भरायचा, कारण एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. एक कॉइन देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच. साडूचा मुलगा दिवसातून चार वेळा अदलाबदल करत असेल तर हे त्याला वाचून दाखवा.

माझाच हिशेब देते. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेला, तेव्हा मी विकून मोकळी झाले. १७,४०० आले. नफा ७,४००. कर आणि उपकर मिळून २,३०९, त्यातले १७४ आधीच टीडीएसमध्ये कापलेले. आणि गंमत पुढेच. मी पेन्शनर, दरवर्षी ‘सहज’ फॉर्म स्वतः भरायची. क्रिप्टो असलं की तो फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो, त्यात या व्यवहारांचं वेगळं परिशिष्ट. मला जमलं नाही, सीएकडे गेले, त्यांनी दीड हजार घेतले. म्हणजे उरले ३,५९१. तेच दहा हजार तीन वर्षं एफडीत असते तर सुमारे अठराशे मिळाले असते. जास्तच मिळाले, नाही म्हणत नाही. पण मध्ये २,८०० चं तोंड बघून आले, ते एफडीत बघावं लागलं नसतं.

म्हणून माझं सांगणं असं. पन्नास हजार बाजूला ठेवा. दोन हजार घ्या. त्याचा फक्त बिटकॉइन घ्या, बाकी कुत्र्या-बेडकाच्या चित्रांची नाणी नकोत. आठ-दहा दिवस ठेवा. मग त्यातले हजाराचे विका आणि तो पैसा आपल्या बँक खात्यात परत आणा. किती तास लागले, किती कापले, आयकराच्या साइटवर फॉर्म २६एएसमध्ये टीडीएसची नोंद दिसते का, हे सगळं वहीत लिहा. आत जाणं पाच मिनिटांचं असतं, म्हणून बाहेर यायची वाट आधी पायाखालून घालायची. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि लोकांना स्वतःचं क्रिप्टो महिनोन् महिने काढता आलं नाही. स्क्रीनवर आकडा मात्र रोज दिसत होता.

ही फेरी जमली तर पुढे किती? तुमचं उत्पन्नच मुळात वाऱ्यावर आहे. मे-जूनच्या एका वादळात बाग आडवी होते, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार येतो त्याने जेवढी जोखीम घ्यावी त्याच्या निम्मीही तुम्ही घेऊ नये. पुढच्या लागवडीची रोपं, खतं, मजुरी, मुलांची फी, आणि पीककर्जाचा हप्ता बाजूला काढून जे उरेल त्याच्या शंभरातले दोन-तीन रुपये. तेही एकदम नाही, महिन्याला थोडे थोडे.

‘स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून ठेवा’, म्हणजे एक्स्चेंजवर न ठेवता स्वतःच्या ताब्यात ठेवा, असं इंटरनेटवर वाचाल. त्यात बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची एक ओळ मिळते, तीच किल्ली. ती हरवली तर सगळं गेलं, कोणाच्या हाती पडली तरी गेलं. दोन-पाच हजारांसाठी मी हा खटाटोप करणार नाही. केलाच तर शब्द कागदावर लिहा, फोटो काढू नका, आणि तो कागद कुठे आहे ते त्याच व्यक्तीला सांगा जिला सांगू की नको असं तुम्ही मला विचारत होतात.

प्रश्न : आमच्या अमळनेरला विप्रोच्या शेअरने किती घरं वर आली हे सगळा खान्देश जाणतो. माझ्या वडिलांना १९७०च्या सुमारास कोणी देत होतं, त्यांनी घेतले नाहीत, आणि आईने ते आयुष्यभर ऐकवलं. आज बिटकॉइन म्हणजे आपल्या पिढीची विप्रो नाही का? मी निवृत्त शिक्षक आहे, ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : गुरुजी, तुमच्या आईंच्या बोलण्याची धार मला पत्रातूनही लागली. पण तुलना तपासून बघू.

२९ डिसेंबर १९४५ ला तुमच्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने कंपनी सुरू झाली. वनस्पती तुपाची. लोक कारखान्याची चिमणी बघत होते, भोंगा ऐकत होते, शेंगदाण्याच्या गाड्या आत जाताना आणि डबे बाहेर येताना दिसत होते. शेअर म्हणजे त्या चिमणीचा, यंत्रांचा, नफ्याचा वाटा. लाभांश यायचा, बोनस शेअर मिळायचे, ताळेबंद छापून पोस्टाने घरी यायचा. पुढे १९६६ साली अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी कारभारात आले आणि तुपाची कंपनी हळूहळू संगणकाकडे वळली. घेणाऱ्यांपैकी एकानेही संगणकासाठी शेअर घेतला नव्हता.

बिटकॉइनमागे असा कारखाना नाही. ३ जानेवारी २००९ ला ते सुरू झालं, ते बनवणारा, सतोशी नाकामोतो हे नाव लावणारा माणूस कोण, हे आजतागायत उघड झालेलं नाही. एकूण नाणी २ कोटी १० लाखांवर कधी जाणार नाहीत असा नियम त्याच्या प्रोग्रॅममध्येच आहे. साधारण दर दहा मिनिटांनी नवी नाणी निघतात आणि दर चार वर्षांनी सुमारे ती निम्म्यावर येतात. एप्रिल २०२४ पासून एका वेळी ३.१२५ निघतात. मोजकं आहे, म्हणून ते सोन्याच्या जातीचं आहे असं म्हणणाऱ्यांत तथ्य आहे. विप्रोच्या जातीचं मात्र नाही. ते कमावत नाही, लाभांश देत नाही. तुमच्यानंतर कोणी जास्त भाव दिला तरच तुम्हाला फायदा. सोन्याचंही तेच, पण सोनं निदान सुनेच्या गळ्यात शोभतं.

आणखी एक. अमळनेरच्या गोष्टीतले लोक श्रीमंत झाले ते कागद पेटीत टाकून विसरले म्हणून. शेअरचा कागद उंदराने खाल्ला तरी कंपनीकडे अर्ज करून शेअर परत मिळवता येतो, वारसांना दाखला काढून हक्क सांगता येतो. मी बँकेत अशी पिवळी पडलेली सर्टिफिकेटं घेऊन येणारी नातवंडं पाहिली आहेत. बिटकॉइन असं विसरता येत नाही. त्या बारा शब्दांचा कागद उंदराने खाल्ला तर दुसरी प्रत द्यायला कोणतंही कार्यालय नाही. आणि ज्यांनी त्याच काळात बंद पडलेल्या जिनिंगचे, गिरण्यांचे शेअर घेतले, त्यांच्या बायकांनी काय ऐकवलं तेही एकदा गावात विचारून बघा.

ग्रॅच्युइटीला हात लावू नका. पेन्शनमधून महिन्याला पाचशेचं घ्यायचं असेल तर घ्या, शिकायला म्हणून. वर सावद्याच्या भाऊंना सांगितलेली फेरी तुम्हीही आधी मारा. कराचा नियमही तोच.

प्रश्न : (हे पत्र एका भगिनीचं, शिरपूरहून. तिच्याशी फोनवर बोलणं झालं आहे. इतरांच्या उपयोगाचं म्हणून थोडक्यात देते.) टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून नवऱ्याने अॅप घेतलं. आधी पाच हजार टाकले, त्याचे सहा हजार खात्यात परतही आले. मग थोडे थोडे करून एक लाख ऐंशी हजार गेले. अॅपवर आता साडेसहा लाख दिसतात. काढायला गेलं तर म्हणतात, भारत सरकारचा ३० टक्के कर आधी भरा, मग रक्कम सुटेल. मंगळसूत्र गहाण ठेवायचं चाललं आहे.

उत्तर : मंगळसूत्र गळ्यातच राहू दे. एक रुपयाही भरू नका. ३० टक्के कर आपण आपल्या विवरणपत्रातून सरकारला भरतो, तो कोणत्याही अॅपला आगाऊ द्यायचा नसतो. खरं एक्स्चेंज एक टक्का टीडीएस कापतं, तेही आलेल्या रकमेतून, वरून मागून नाही. साडेसहा लाख हा आकडा कोणीतरी टाइप केलेला आहे. सुरुवातीला आलेले सहा हजार म्हणजे गळाला लावलेलं पीठ.

१९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला लेखी कळवा. पैसे ज्या खात्यांत गेले त्यांचे क्रमांक आणि यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा नंबर) पासबुकातून उतरवून घ्या, चॅटचे स्क्रीनशॉट काढा, आणि नंतरच ग्रुप सोडा. पैसे दुसऱ्या खात्यात फिरायच्या आत गोठले तरच परत यायची आशा, म्हणून इथे तास मोजायचे असतात. ‘अडकलेलं क्रिप्टो काढून देतो, थोडी फी द्या’ असं म्हणणारा कोणी आता नक्की येईल. तो त्यांच्याच टोळीतला.

नवऱ्यावर रागावलात तर समजू शकते, पण तक्रार होईपर्यंत थांबा. रागावलेला माणूस पुरावे पुसून टाकतो. फोनवर ही भगिनी म्हणाली, आता रागवायलाही पैसे उरले नाहीत. तक्रार त्याच संध्याकाळी नोंदली गेली. मागचा पुढचा हिशेब कळला की याच सदरात देईन.

प्रश्न : एक बिटकॉइन घ्यायला लाखो रुपये लागतात ना? मग आम्ही कसं घ्यायचं? मी अकरावीत आहे.
– शहादा

उत्तर : अख्खं घ्यावं लागत नाही. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात, त्या भागाला सतोशी म्हणतात. शंभर-पाचशे रुपयांतही तुकडा मिळतो. पण अठरा पूर्ण झाल्याशिवाय तुझं खातं उघडणार नाही, आणि आईच्या आधारवर गुपचूप उघडायचा विचार असेल तर चेहरा तिचाच लागतो, हे लक्षात घे. तोवर वहीत खोटे पाचशे रुपये लिहून ठेव, दर रविवारी भाव टिपत जा, दिवाळीच्या अंकासाठी मला पाठव. पण खाडाखोड न करता.